डंजन्स अँड ड्रॅगन्सची नवी आवृत्ती: हातात भरपूर आलं, धोका मात्र पातळ झाला

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायच्या रोलप्लेइंग खेळाच्या पाचव्या (२०१४ च्या) आवृत्तीची सुधारित पुस्तकं टप्प्याटप्प्याने आली. प्लेअर्स हँडबुक सप्टेंबर २०२४ मध्ये, डंजन मास्टर्स गाइड नोव्हेंबरमध्ये आणि मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५ मध्ये. आमच्या पुण्याच्या ग्रुपने जुनं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट) जुन्याच नियमांनी संपवलं आणि नवं पहिल्या लेव्हलपासून नव्या नियमांनी सुरू केलं. आता सगळी कॅरेक्टर्स नवव्या लेव्हलला पोचली आहेत. मी या ग्रुपचा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा) आहे, त्यामुळे पुढचं सगळं पडद्यामागे बसणाऱ्याच्या नजरेतून आलेलं आहे.

आधी जे मनापासून आवडलं ते. हँडबुकच्या शेवटी नियमांचा एक कोश दिला आहे. 'ग्रॅपल', 'प्रोन', 'कव्हर', 'हाइड', काहीही अडलं की अकारविल्हे शोधायचं आणि दहा सेकंदांत पुढे जायचं. २०१४ च्या पुस्तकात हेच नियम प्रकरणाप्रकरणांत विखुरलेले होते आणि सेशन थांबवून पानं चाळावी लागत. नव्या खेळाडूला शिकवताना फरक लगेच जाणवतो. आमच्याकडे कधीच रोलप्लेइंग न खेळलेली एक मैत्रीण आली होती. तिने आठवड्याभरात स्वतःचं कॅरेक्टर स्वतः बनवलं. जुन्या पुस्तकावरून मला शेजारी बसून बनवून द्यावं लागलं असतं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे लढवय्ये क्लास (क्लास म्हणजे कॅरेक्टरचा पेशा). जुन्या नियमांत फायटर म्हणजे 'मी मारतो, परत मारतो, झालं' इतकंच होतं आणि शेजारचा विझार्ड (जादूगार) दर टर्नला जगाचा नकाशा बदलत असे. आता प्रत्येक शस्त्राला एक मास्टरी, म्हणजे खास करामत, आहे. लढाईचा हातोडा (वॉरहॅमर) शत्रूला दहा फूट मागे ढकलतो, लाँगसोर्डचा घाव बसला की शत्रूचा पुढचा वार अडखळतो, ग्रेटसोर्ड चुकली तरी थोडं डॅमेज देते, ग्रेटॅक्स शेजारच्याही अंगावर जाते. आमच्या फायटरने पहिल्याच मोठ्या लढाईत एका ओगरला ढकलत ढकलत थेट कड्यावरून खाली पाडलं आणि टेबलावर जो आरडाओरडा झाला तो मी विसरणार नाही. मंकचं (नुसत्या हातांनी लढणाऱ्या साधूचं) तर नशीबच पालटलं. पूर्वी तो फक्त बाण अडवू शकायचा, आता तिसऱ्या लेव्हलपासून समोरासमोरचे घावही अडवतो. ज्या क्लासला वर्षानुवर्षं सगळ्यात कच्चा म्हटलं गेलं, तो घ्यावा की नाही यावर आता कुणी विचार करत बसत नाही. रोग, म्हणजे लपूनछपून वार करणारा क्लास. त्याला पाचव्या लेव्हलला स्नीक अटॅकचे (मोक्याच्या वाराला मिळणाऱ्या जादा डॅमेजचे) काही फासे सोडून शत्रूला पाडता येतं किंवा विष चढवता येतं. ही निवड छान आहे, कारण तिची किंमत मोजावी लागते.

मास्टरीचीच दुसरी बाजू मात्र पाचव्या लेव्हलनंतर दिसू लागते. 'टॉपल' (पाडण्याची मास्टरी) असलेलं शस्त्र लागलं की शत्रूला कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह, म्हणजे बचावाचा रोल, करावा लागतो, नाहीतर तो आडवा. फायटरचे एका टर्नला दोन घाव, अॅक्शन सर्ज (एक जादा कृती) वापरला तर चार आणि प्रत्येक लागलेल्या घावाला एक सेव्ह. समोर पाचसहा शत्रू आणि पार्टीत (खेळाडूंच्या टोळीत) दोन लढवय्ये असले की मी सतत फासे टाकत राहतो आणि बाकीचे मोबाइल उचलतात. शिवाय प्रत्येक घावाबरोबर शस्त्र काढायची किंवा ठेवायची मुभा असल्यामुळे कसलेला खेळाडू एकाच टर्नमध्ये आधी एका शस्त्राने पाडतो, मग दुसऱ्याने झोडतो. नियमात बसतं, पण डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं ते योद्ध्याचं राहत नाही. आम्ही टॉपल एका टर्नमध्ये एकदाच असं ठरवून टाकलं. लढाया लक्षात येण्याइतक्या आटोपशीर झाल्या आणि फायटर खेळणाऱ्यालाही काही गमावल्यासारखं वाटलं नाही.

रेंजर या जंगलात वावरणाऱ्या शिकारी क्लासबद्दल मात्र मला मनापासून वाईट वाटतं. सगळा क्लास 'हंटर्स मार्क' या एका पहिल्या लेव्हलच्या, खूण केलेल्या शत्रूला जादा डॅमेज देणाऱ्या स्पेलभोवती (मंत्राभोवती) बांधला आहे. तो फुकट वापरायला मिळतो, हे ठीक. पण त्याला कॉन्सन्ट्रेशन लागतं (असं स्पेल एका वेळी एकच चालू ठेवता येतं), म्हणजे रेंजरच्या यादीतली निम्मीअधिक चांगली स्पेल्स वापरायची तर क्लासचं मुख्य वैशिष्ट्य बाजूला ठेवायचं. तेराव्या लेव्हलला मार खाल्ल्याने कॉन्सन्ट्रेशन तुटणं थांबतं आणि विसाव्या लेव्हलचं बक्षीस काय, तर त्या जादा डॅमेजला सहाबाजूंच्या फाशाऐवजी दहाबाजूंचा फासा. आमची रेंजर खेळणारी मैत्रीण जंगल, माग काढणं, वारा कुठून वाहतोय हे सगळं इतकं सुंदर उभं करते, आणि नियम तिला दर लढाईत तेच एक बटण दाबायला सांगतात. इतक्या काळजीने केलेल्या पुस्तकात हा क्लास असा का सुटला, हा प्रश्न मला अजूनही छळतो.

पॅलाडिन (धर्मयोद्धा) खेळणारे नाराज आहेत, पण तिथे मी पुस्तकाच्या बाजूने आहे. डिव्हाइन स्माइट (दैवी शक्तीचा जादा घाव) आता बोनस अॅक्शनचं, म्हणजे टर्नमधल्या एकाच छोट्या जादा कृतीचं, स्पेल आहे, म्हणून टर्नला एकदाच. पूर्वी एकाच टर्नमध्ये दोनतीन स्माइट लावून मुख्य खलनायक पहिल्याच फेरीत संपायचा आणि बाकीचे चौघे बघत बसायचे.

आता बॅकग्राउंड, म्हणजे कॅरेक्टरचं पूर्वायुष्य. ताकद, चपळाई अशा गुणांच्या स्कोअरची वाढ वंशावरून काढून बॅकग्राउंडला जोडली, हे तत्त्व मला पटतं. माणूस काय करत मोठा झाला यावरून त्याचं अंग घडावं हे बरोबरच आहे. पण हँडबुकात सोळाच बॅकग्राउंड आहेत, प्रत्येकाला तीन ठरलेले गुण आणि एक ठरलेली फीट (खास क्षमता). माझं कॅम्पेन कोकणासारख्या किनाऱ्यावर आणि सह्याद्रीसारख्या डोंगरात घडतं. एकाला समुद्रावर वाढलेला कोळी करायचा होता. पुस्तकातला 'सेलर' घ्यावा तर त्याच्याबरोबर 'टॅव्हर्न ब्रॉलर' येते, म्हणजे गुत्त्यातली हाणामारी. ज्याला भरतीओहोटी, वारे आणि होडी यांचं ज्ञान हवं होतं त्याला ठोसे मिळाले. २०१४ च्या हँडबुकात स्वतःचं बॅकग्राउंड बनवायची मोकळीक खेळाडूच्याच पुस्तकात होती. आता ती पद्धत डंजन मास्टर्स गाइडमध्ये गेली आहे, म्हणजे खेळाडूला ती बहुधा दिसतच नाही.

तिथे सापडल्यावर मात्र काम सोपं निघालं: तीन गुण, एक फीट, दोन कौशल्यं, एक अवजार, थोडं सामान. कोळ्याचं झालं आणि मग गोंधळ्याचंही केलं. त्याला कॉन्स्टिट्यूशन, विझ्डम, करिझ्मा. परफॉर्मन्स आणि रिलिजन. वाद्य म्हणून संबळ. आणि 'म्युझिशियन' ही फीट. या फीटमुळे विश्रांतीनंतर तो वाजवतो आणि सोबत्यांना हिरॉइक इन्स्पिरेशन मिळतं, म्हणजे एक फासा पुन्हा टाकण्याची संधी. देवीचा गोंधळ घालून सगळ्यांना बळ देणारा माणूस नियमांत इतका चपखल बसेल असं वाटलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी या आवृत्तीला खूप काही माफ करतो.

गाइडबद्दल थोडक्यात. पहिल्यांदा डीएम होणाऱ्यासाठी २०१४ च्या गाइडपेक्षा हे कितीतरी चांगलं आहे. सेशन कसं चालवावं हे आधी येतं, विश्वाची उत्पत्ती नंतर. खेळाच्या निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याचं ग्रेहॉक जग तयार नकाशासह दिलंय, छोटी नमुना साहसंही आहेत. पाचव्या लेव्हलपासून मिळणारे 'बॅस्टियन', म्हणजे कॅरेक्टर्सचे स्वतःचे गड किंवा वाडे, आमच्याकडे प्रचंड रंगले. प्रत्येकाने आपापल्या गडाला नाव, हवालदार आणि पाण्याचं टाकं दिलं. पण शून्यापासून मॉन्स्टर बनवण्याचं जुनं कोष्टक काढून टाकलंय. आहे त्या मॉन्स्टरला नवा वेष कसा द्यावा, एवढंच उरलंय. वेताळ, हडळ, गिरा असं स्वतःचं काही घडवणाऱ्याला हे खुपतं, म्हणून मी अजून २०१४ चं गाइड हाताशी ठेवतो.

मॉन्स्टर मॅन्युअल तिन्हींत सगळ्यात देखणं. पाचशेहून अधिक मॉन्स्टर आहेत आणि वरच्या लेव्हलचे शत्रू खरोखर जड झालेत. लांडगा चावला की माणूस आडवा, सेव्ह वगैरे नाही. यामुळे माझे फासे वाचतात. वर्णनं मात्र आखूड झाली. जुन्या पुस्तकात एखाद्या प्राण्याची दोन परिच्छेदांची माहिती वाचून अख्खं सेशन सुचायचं; आता चित्र बघून स्वतःच रचावं लागतं.

माझी खरी तक्रार धोक्याबद्दल आहे. क्युअर वूंड्स हे जखमा भरणारं स्पेल एका फाशाऐवजी दोन फासे बरं करतं, हीलिंग वर्डही तसंच. औषधाची कुपी बोनस अॅक्शनमध्ये पिता येते. जुन्या नियमांत बेसावध सापडलेल्याची पहिली फेरी वाया जायची. आता फक्त इनिशिएटिव्हला (कोण आधी खेळणार हे ठरवणाऱ्या रोलला) डिसअॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांतला कमी आकडा. एकेक बदल समजण्यासारखा आहे, पण सगळे एकत्र आले की अंधाऱ्या घाटात दबा धरून बसलेल्या दरोडेखोरांना कुणी घाबरत नाही. हिट पॉइंट शून्यावर गेलेला सोबती लांबूनच एका शब्दात उठतो, वार करतो, परत पडतो, परत उठतो. त्याच्या पडण्याने टेबलावर शांतता पसरत नाही. एन्काउंटरचं (लढाई किती अवघड ठेवायची याचं) गणित सोपं झालं खरं, पण सुरुवातीच्या लेव्हल सोडल्या तर त्यातली 'हाय', म्हणजे सगळ्यात अवघड, पातळीसुद्धा माझ्या पार्टीने सहज पार केली.

लपण्याच्या नियमाने तर घोळच घातला. आडोशाला जाऊन स्टेल्थच्या (लपण्याच्या) रोलमध्ये पंधरा मिळवले की तुम्हाला 'इनव्हिजिबल' (अदृश्य) ही स्थिती मिळते. मग आडोशातून बाहेर येऊन पहारेकऱ्याच्या समोरून चालत गेलं तर? पुस्तकातली वाक्यं दोन्हीकडे ओढता येतात. आम्ही उघड्यावर आलात की दिसलात, असा साधा निर्णय घेतला.

धोका परत आणण्यासाठी केलेला बदल एकच, आणि त्याचं साधन याच आवृत्तीने दिलं. थकव्याचा नियम आता स्वच्छ आहे: प्रत्येक पायरीला डी-२० च्या (वीसबाजूंच्या फाशाच्या) रोलमधून दोन वजा, वेग पाच फुटांनी कमी, सहाव्या पायरीला मृत्यू, रात्रभराच्या विश्रांतीने एक पायरी उतरते. आमच्याकडे शून्यावरून उठणाऱ्याला एक पायरी थकवा लागतो. पहिल्यांदा उठलेला चालून जातो, तिसऱ्यांदा उठलेला वाकलेला असतो, आणि क्लेरिक (बरं करणारा पुरोहित) आता सोबती पडायच्या आधी त्याच्याकडे धावतो.

विकत घ्यायचं असेल तर आधी हँडबुकच घ्या, तेही ग्रुपमध्ये एक. त्याच्याही आधी एसआरडी ५.२ (खेळाच्या नियमांचा अधिकृत खुला दस्तऐवज) उतरवून घ्या. ते क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोफत आहे आणि मूळ नियम, प्रत्येक क्लासचा एक सबक्लास (उपशाखा), बरीच स्पेल्स आणि मॉन्स्टर त्यात आहेत. जुनी पुस्तकं घरात असतील आणि कॅम्पेन मध्यावर असेल तर ते तसंच पूर्ण करा. मंक, फायटर किंवा रोग खेळणारं कुणी कंटाळलं असेल तर त्यांना नवे क्लास द्या, जुन्या साहसांत ते बिनबोभाट चालतात. रेंजरला मात्र डीएमने हंटर्स मार्कचं कॉन्सन्ट्रेशन काढून द्यावं. आम्ही सातव्या लेव्हलला ते काढलं, खेळ कुठेही बिघडलेला नाही.