ख्रिस्ती लेखकाने लिखाण कुणापुढे ठेवावं : आपल्या लोकांत की सर्वसाधारण लेखनगटात?

साक्ष (देवाने आपल्या आयुष्यात काय केलं याचं कथन), मनन (बायबलवरचं चिंतन), गीत किंवा कथा लिहून झाली की ती वाचून दाखवायची कुणाला, हा प्रश्न येतो. मराठीत लिहिणाऱ्या ख्रिस्ती माणसापुढे दोन वाटा असतात. एक, चर्चमधली किंवा ओळखीतली चार-पाच लिहिती माणसं जमवायची. दुसरी, गावातल्या वाचनालयात नाहीतर कॉलेजात भरणाऱ्या लेखनगटात जाऊन बसायचं.

एक वाक्य घेऊ : ‘तारण मिळाल्यावर वडिलांनी मला मंडळीपुढे साक्ष द्यायला सांगितलं.’ प्रोटेस्टंट मंडळींच्या गटात हे वाक्य कुणी अडवणार नाही. सर्वसाधारण गटातला वाचक मात्र चार ठिकाणी ठेचकाळतो. तारण म्हटलं की त्याला बँकेत गहाण ठेवलेले दागिने आठवतात, वडील म्हणजे बाप, मंडळी म्हणजे जमलेले लोक आणि साक्ष म्हणजे कोर्टातली. तारण म्हणजे पापातून सुटका, मंडळी म्हणजे चर्चचा समुदाय आणि त्याचा कारभार पाहणारे ते ‘वडील’, हे त्याच्या गावीही नसतं. चर्चच्या अंकासाठी हे वाक्य चालेल, दिवाळी अंकासाठी नव्याने लिहावं लागेल. म्हणून आपला वाचक कोण, हे आधी पक्कं करा. गट त्यावरून ठरतो.

ख्रिस्ती गटाचा सर्वांत मोठा फायदा बायबलमधल्या वचनांच्या तपासणीत आहे. आठवणीतून लिहिलेलं वचन हमखास चुकतं. अध्याय बरोबर आणि ओवी दुसरीच, किंवा अर्धं वचन जुन्या भाषांतरातलं आणि अर्धं नव्या. गटात एकाने शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसावं आणि प्रत्येक संदर्भ तिथल्या तिथे पडताळावा. लेखात एकच भाषांतर वापरावं आणि त्याचं नाव द्यावं. गट कॅथलिक-प्रोटेस्टंट मिश्र असेल तर फारच उत्तम. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. प्रोटेस्टंट बायबलमध्ये नसलेल्या तोबीतच्या पुस्तकातला दाखला दिला, तर ‘हे शास्त्रात कुठे आहे?’ असं विचारणारं माणूस मिश्र गटात नक्की भेटतं. वसईतल्या कॅथलिक घरातल्या कथेत आजी फादरना ‘पाळकसाहेब’ म्हणू लागली किंवा मिस्साला ‘उपासना’ म्हणाली, तर हे प्रोटेस्टंटांचे शब्द तिथेच पकडले जातात. वसईकडच्या सामवेदी किंवा वाडवळी बोलीतले संवाद तर ती बोली घरात बोलणाऱ्यानेच ऐकायला हवेत.

हा गट बिघडतो तो मायेपोटी. ‘आशीर्वाद मिळाला, सुंदर लिहिलंय’ एवढंच बोलून सगळे पुढे जातात, कारण साक्षीतल्या वाक्याला बोट लावणं म्हणजे लिहिणाऱ्याच्या विश्वासालाच बोट लावणं, असं वाटतं. यावर साधा उपाय आहे. अभिप्राय मागताना ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. ‘वाचताना कुठे थांबलात? कुठली ओळ पुन्हा वाचावी लागली?’ असं विचारा. ‘प्रभूने माझ्या जीवनात मोठं कार्य केलं’ या ओळीपाशी लगेच कुणीतरी म्हणेल, ‘कोणतं कार्य, तेच दिसत नाही.’ पाळक किंवा फादर सभासद असतील तर त्यांनी शेवटी बोलावं. ते आधी बोलले की बाकीचे नुसती मान डोलावतात.

प्रार्थना बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं ठेवा. सुरुवातीला ठेवली की प्रार्थनेच्या विषयांतच तास जातो आणि कागद पिशवीतच राहतात. प्रार्थनेत सांगितलेलं आजारपण, दारू, घरातली भांडणं यांपैकी काहीही संबंधितांना विचारल्याशिवाय कुणाच्याही लिखाणात येता कामा नये, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. गट फुटायला असं एक उल्लंघन पुरतं.

सर्वसाधारण गटात रचना, संवाद, शेवट यांवर नेमकं बोललं जातं. उपदेश कुठे सुरू झाला, हे तिथे पहिल्या मिनिटात कळतं. अडचण एकच, पण ती मोठी आहे : चर्चा कथेवरून धर्मांतरावर घसरते आणि लेखक स्वतःचं समर्थन करत बसतो. आधीच सांगून ठेवा, ‘या पात्राचा विश्वास तुम्हाला खरा वाटतो का, एवढंच बोला.’ ही वाट टाळू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. वसईच्या ‘सुवार्ता’ या ख्रिस्ती मासिकाचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. सगळ्या मराठीने वाचावं असं लिहायचं तर सगळ्या मराठीसमोर बसायला हवं.

बैठकीची पद्धत दोन्हीकडे सारखीच चालते. चार ते सहा माणसं, दीड तास, दोघांचं लिखाण, प्रत्येकी पंधराशे शब्दांपर्यंत. मजकूर पाच दिवस आधी पोचवा. बैठकीत दुसऱ्याने तो मोठ्याने वाचावा. वाचणारा अडखळतो तिथे वाक्य लांबलेलं असतं. लेखकाने वीस मिनिटं गप्प राहून टिपून घ्यायचं आणि उत्तरं शेवटी द्यायची.

गाव लांब पडत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर गट चालतो, पण निरोपांच्या गर्दीत अभिप्राय वाहून जातात. गूगल डॉक्समध्ये समासात टिपा लिहिलेल्या बऱ्या. मजकूर युनिकोडमध्येच हवा. श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर निव्वळ खुणांचा गोंधळ होऊन उघडते.

चर्चच्या नियतकालिकासाठी, मननांसाठी, संडे स्कूलच्या गोष्टींसाठी ख्रिस्ती गट पुरेसा आहे. कथा, कादंबरी, आत्मचरित्र असेल तर आधी ख्रिस्ती गट आणि दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गट. या क्रमात बाहेरच्यांसाठी सोपं करताना शिरलेली चूक पकडायला मागे कुणी उरत नाही, अशी शंका येईल आणि ती रास्तच आहे. म्हणून छापायला देण्याआधी वचनं आणि चर्चचे शब्द तेवढे ख्रिस्ती गटातल्या एकाला पुन्हा दाखवा.

तीन बैठका झाल्या की आपले कागद काढून पाहा. एकही ओळ खोडलेली नसेल तर गट बदला.