भाड्याचे स्नोशू आणि एप्रिलचा मऊ बर्फ

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मनालीजवळच्या सेठन गावाच्या वरच्या उतारांवर चार दिवस चालण्याचा बेत ठरला, तेव्हा कोथरूडमधील गिर्यारोहणाचे साहित्य भाड्याने देणाऱ्या एका दुकानातून मी स्नोशूंची, म्हणजे मऊ बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली पट्ट्यांनी बांधायच्या रुंद चौकटींची, जोडी नेली. मनालीच्या रस्त्यावर बर्फातले कपडे आणि गमबूट भाड्याने देणारी दुकाने रांगेने आहेत. परंतु आपल्याच बुटांवर पट्टे नीट बसतात की नाही हे घरी तपासून मग झेलम एक्सप्रेसमध्ये चढावे, एवढ्यासाठी पुण्यातून हे ओझे नेणे मला पटले.

दुकानदारांचा पहिला सल्ला मोलाचा होता. सरावासाठी ही जोडी सिंहगडावर नेऊ नका, काळ्या कातळावर तळाचे पोलादी दात बोथट होतात, असे त्यांनी बजावले. दुसरा सल्ला मात्र अर्धवट निघाला. माझे ७६ किलो आणि पाठपिशवीचे ९ किलो अशी बेरीज करून त्यांनी ३० इंची जोडी हातात ठेवली. हा हिशेब ऐन हिवाळ्यातल्या कोरड्या, पिठासारख्या बर्फाला लागू पडतो. वसंतातला बर्फ दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठत राहिल्यामुळे दाट झालेला असतो. त्यावर २५ इंची जोडीने सहज भागले असते आणि झाडीतून वळताना एका स्नोशूची शेपटी, म्हणजे मागचे टोक, दुसऱ्याखाली सापडून मी दोनदा तोंडावर आपटलो, तेही टळले असते.

सकाळी सातला बर्फ इतका कडक होता, की सौम्य चढावर स्नोशू पाठीला बांधून नुसत्या बुटांनी चालता आले. दहाच्या सुमारास वरचा थर मऊ पडू लागला आणि तेथून पुढचे दोन तास या जोडीने भाडे पुरेपूर वसूल करून दिले. बिनस्नोशूचे सोबती मांडीपर्यंत रुतत होते, मी घोट्यापर्यंतही नाही. तीव्र चढावर टाचेखाली उभी करायची तारेची कडी पोटऱ्यांचा ताण स्पष्टपणे हलका करते. उतरताना गुडघे किंचित वाकवून भार टाचेकडे ठेवला की पुरते. मागे पाऊल टाकण्याचा मोह तेवढा आवरावा, कारण शेपटी रुतते आणि माणूस बसतो.

दोष दोन. ओला बर्फ दातांमध्ये अडकून त्याचे ढेकूळ होते आणि भातखाचरातून चालल्यासारखे पाय जड होतात. दर काही पावलांनी काठीने चौकटीवर टोला द्यावा लागला. तळाला मेणबत्ती घासल्यावर थोडा फरक पडला. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. या नळीच्या चौकटीला दात फक्त चवड्याखाली व टाचेखाली असल्याने सकाळच्या कडक बर्फावर उतार आडवा कापताना कडा धरत नाही. अशा वाटेसाठी करवतीसारखी दातेरी चौकट असलेली जोडीच मागावी.

पाय रुतत नाही म्हणून दुपारीही चालत राहावेसे वाटते, आणि तेथेच धोका असतो. उन्हाने भिजलेला थर उतारावरून सुटून खाली येतो आणि स्नोशू त्यापासून वाचवत नाहीत. आमच्या स्थानिक वाटाड्याने बारालाच परत फिरवले, ते योग्यच होते.

आता दुकानाविषयी. दुसऱ्या दिवशी डाव्या स्नोशूचा टाचेचा रबरी पट्टा तुटला. रबर जुने होऊन आतून तडकलेले होते. उरलेले दिवस सुतळीवर काढले. परत आल्यावर अनामत रकमेतून त्याचे पैसे कापले गेले आणि बरीच हुज्जत घातल्यानंतर अर्धे परत मिळाले. भाडे रास्त आहे, माहितीही बरी देतात, म्हणून पुन्हा तेथेच जाईन. फक्त प्रत्येक पट्टा काउंटरवरच दुमडून पाहीन आणि एक जादा पट्टा पावतीवर लिहून घेईन.