गळकी गच्ची: मजुरीवर गवंडी की साहित्यासह ठेका?

सोलापुरात उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, स्लॅब दिवसा प्रसरण पावतो व रात्री आकसतो, आणि त्यातून पडलेल्या बारीक भेगा सप्टेंबरच्या जोरदार पावसात गळू लागतात.

मजुरीवर गवंडी लावल्यास सिमेंट, वाळू आणि वॉटरप्रूफिंगचे रसायन आपणच आणतो. त्यामुळे मालाचा दर्जा आपल्या हाती राहतो, मात्र रोज गच्चीवर उभे राहावे लागते आणि पुढे गळती झाल्यास दोष मालाचा की कामाचा, हा वाद मिटत नाही. जुन्या माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, डागडुजी असेल तर मला हाच मार्ग योग्य वाटतो, कारण तेथे पांढऱ्या मातीची जाण असलेला कारागीरच उपयोगी पडतो.

साहित्यासह ठेक्यात जबाबदारी एकाकडेच राहते. संपूर्ण गच्चीचा कोबा, म्हणजे स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर, नव्याने करायचा असल्यास मी हाच निवडीन. परंतु चौरस फुटाचा दर, रसायनाचे नाव व प्रमाण, जुना कोबा फोडून राडारोडा उचलण्याचा खर्च आणि हमीची मुदत करारात लिहून घ्यावी, आणि गच्चीवर 48 तास पाणी साठवून खालचे छत कोरडे राहिल्याची खात्री केल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.