एका रॉडवर सगळं भागत नाही राव

मालवणला हातात तंगूस (नायलॉनची दोरी) धरून गरवणारा माणूस मी, डॅलसला आल्यावर तिथल्या लेक फोर्क तलावातल्या बास माशांच्या नादी लागलो. हा सात फुटी मीडियम हेवी फास्ट रॉड (ताठ, टोकाशीच वाकणारा) आणि 7.1:1 गिअरचं (हँडल एकदा फिरवलं की लाईनची फिरकी, म्हणजे स्पूल, सातदा फिरतो) बेटकास्टर रील तीन महिने वापरतोय. तळाशी खेळवायच्या जिग आणि टेक्सास रिग या आमिषांना एकदम झकास, तळातल्या फांदीला शिसं घासलं तरी ती टकटक थेट बोटात कळते आणि मासा लागला की ढिली लाईन भराभर गुंडाळता येते. पण क्रँकबेटला (पाण्यातून ओढत आणायचा माशासारखा लुअर, म्हणजे नकली आमिष) घेऊ नका!! दोन चांगले मासे पार बोटीजवळ आणून घालवले मी, त्या लुअरच्या तीनतोंडी गऱ्या बारीक, ताठ रॉडचा झटका बसला की तोंड फाटून निसटतात, तिथे चांगला वाकणारा मॉडरेट रॉड आणि 5:1 च्या आसपासचं हळू रीलच पाहिजे. तीन ग्रॅमच्या हलक्या लुअरचं तर नावच काढू नका, फेकलं की स्पूलवर पिंजलेल्या कापसासारखा गुंता, बायको हसतेय आणि मी अर्धा तास नखाने गाठी सोडवतोय. त्याला आपलं साधं स्पिनिंग रील बरं. कॉर्कची मूठ मस्त आहे, ब्रेकची चकती मात्र घामेजल्या बोटांनी फिरता फिरत नाही, म्हणून एक स्टार कमी.