किनाऱ्यालगतच्या घरात स्वस्त ऑडिओ इंटरफेस: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या घरी संगणकावर भजने आणि दशावतारातील पदे ध्वनिमुद्रित करण्यासाठी गेल्या दिवाळीनंतर दोन माइक-इनपुटांचा, यूएसबीवर चालणारा, दहा हजार रुपयांच्या आसपासचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणारे यंत्र, घेतला. आता त्याने एक संपूर्ण पावसाळा काढला आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी या किमतीच्या कोणत्याही यंत्राला येऊ शकतात आणि त्यांचे मूळ बरेचदा यंत्राच्या बाहेर असते.

निवड करताना आमची गरज ठरलेली होती: बुवांचा आवाज आणि हार्मोनियम एकाच वेळी, पण वेगवेगळ्या ट्रॅकवर हवे होते. एवढ्या एका अटीवर बाजारातील निम्मी यंत्रे बाद होतात. उदाहरणार्थ, फोकसराइटच्या स्कारलेट सोलोमध्ये माइकसाठी एकच एक्सएलआर (तीन पिनांच्या माइक-केबलचे) इनपुट असते आणि दुसरे इनपुट गिटार किंवा लाइनसाठी असते. एकट्याने गाणाऱ्याला ते पुरेसे आहे, बुवा आणि पेटी दोघांना नाही. दुकानदार मात्र नमुना दराचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात त्याचा, १९२ किलोहर्ट्झ हा आकडा पुढे करतात. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येते आणि ४८ किलोहर्ट्झ त्यासाठी पुरेसे आहे, त्यामुळे या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात मला अर्थ दिसला नाही. प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला जातो ते सांगणारे बिट मात्र २४ असावेत, म्हणजे पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवून निर्धास्त गाता येते आणि गजराला आवाज चढला तरी तो फाटत नाही.

गेनची, म्हणजे यंत्र माइकचा आवाज किती वाढवते त्याची, दोन्ही टोके तपासावीत, आणि याविषयी फारसे कोणी बोलत नाही. साध्या डायनॅमिक माइकवर हळू गाणारा गायक असेल तर ५५ ते ६० डेसिबल गेन लागतो. स्वस्त यंत्रांचा नॉब तेथे पोहोचेपर्यंत शेवटच्या वळणावर खरखर सुरू होते. उलट पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा ठोका कंडेन्सर माइकने (बाहेरून वीज लागणाऱ्या, जास्त संवेदनशील माइकने) जवळून घेतला, तर नॉब पूर्ण खाली असतानाही लाल दिवा लागतो. आमच्या यंत्राला पॅडचे, म्हणजे येणारा आवाज आधीच कमी करणारे, बटण आहे आणि पखवाजाचे मुद्रण त्याच्यामुळेच शक्य झाले. तिसरी गोष्ट डायरेक्ट मॉनिटरिंगची. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज संगणकात जाऊन परत येण्याची वाट पाहावी लागली की लय डळमळते. हे बटण असले तर आवाज यंत्रातूनच थेट हेडफोनमध्ये जातो. ते मोनो आहे की स्टिरिओ हेही पाहावे, नाहीतर बुवा एका कानात आणि पेटी दुसऱ्या कानात ऐकू येते व दोघेही तक्रार करतात.

आता ज्या अडचणीत सर्वांत जास्त वेळ गेला ती, म्हणजे गुणगुण. पहिल्या दिवसापासून मुद्रणात खर्जातला एक अखंड सूर येत होता, आणि पंख्याचा वेग बदलला की त्यावर बारीक चिरचिर चढत होती. अशा वेळी यंत्र परत पाठवण्याआधी एक परीक्षा करावी: लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. आमचा खर्जातला सूर त्याच क्षणी थांबला, याचा अर्थ दोष इंटरफेसचा नव्हता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ही गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झवर दिसते. मुद्रण सॉफ्टवेअरच्या स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या हर्ट्झवर किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या आलेखात) तेथे उंच रेघ आढळली की कारण विजेत शोधावे.

कोकणात या कारणाला आणखी एक पदर आहे. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात पार कोरडी पडते आणि तिच्यात पुरलेली अर्थिंगची सळी नावालाच राहते. बोर्डावर तीन छिद्रे असतात, पण तिसऱ्या छिद्रामागे खरी अर्थिंग असेलच असे नाही. चार्जरमधली सूक्ष्म गळती मग लॅपटॉपच्या पत्र्यावर येते (धातूच्या कडेला बोट लावल्यावर जी झिणझिण जाणवते ती हीच) आणि तेथून यूएसबीच्या तारेने इंटरफेसमध्ये शिरते. आम्ही वायरमन बोलावून कोळसा-मीठ घातलेला नवा खड्डा करून घेतला आणि स्पीकरना बॅलन्स्ड (बाहेरून शिरणारी गुणगुण रोखणाऱ्या) केबल लावल्या. गुणगुण जवळपास गेली. काही जण अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. त्यात जीवाला धोका आहे, ते कदापि करू नये. चिरचिर पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची निघाली. तो बदलून कपॅसिटरवर चालणारा पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवल्यावर ती थांबली. वीज गेल्यावर घरचा इन्व्हर्टर सुरू होतो, पण तो स्क्वेअर वेव्हचा असल्याने त्याच्यावर मुद्रण करण्याचा नाद सोडला आहे. त्या वेळी लॅपटॉप केवळ बॅटरीवर आणि पंखा बंद.

दुसरी तक्रार मध्येच येणाऱ्या टकटकीची. इंटरफेस घेतल्यावर विंडोजमध्ये कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी विलंबाने संगणकात नेणारे सॉफ्टवेअर) टाकावा. एएसआयओ-फोर-ऑल या कोणत्याही यंत्राला चालणाऱ्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर काम भागते, पण मग यंत्राचा पूर्ण लाभ मिळत नाही. त्यानंतर बफरचे, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचे जितके नमुने साठवून घेतो त्याचे, गणित समजून घ्यावे. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे एका दिशेने सुमारे २.७ मिलिसेकंद, आणि १०२४ नमुन्यांचा म्हणजे सुमारे २१. संगणक जुना असेल तर लहान बफर त्याला झेपत नाही आणि टकटक ऐकू येते. डायरेक्ट मॉनिटरिंग वापरत असल्यामुळे मी बफर ५१२ वर ठेवून मोकळा झालो. तरीही अधूनमधून टक् येत असे, तेव्हा संगणकात कोणता ड्रायव्हर अडथळा आणतो ते दाखवणारे लेटन्सीमॉन हे मोफत साधन चालवून पाहिले; त्यात वायफायचा ड्रायव्हर दोषी दिसला. आता मुद्रणाच्या वेळी वायफाय बंद असते आणि पॉवर सेटिंगमधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवण्यासाठी यूएसबी यंत्र झोपवणारी सोय) हेही बंद केले आहे. इंटरफेस स्वस्त हबला न जोडता थेट लॅपटॉपला जोडावा, कारण यूएसबी २.० चे पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देते आणि त्यातूनच कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्टही (फॅन्टम पॉवर) तयार व्हायचे असतात. कंडेन्सर माइक मंद वाटला तर मल्टिमीटरने, माइक न लावता, एक्सएलआरच्या पिन १ आणि पिन २ मध्ये व्होल्ट मोजावेत. ४४ ते ५२ च्या मध्ये आकडा आला तर फॅन्टम पॉवर ठीक आहे.

एकदा काळी एक पट्टीतले भजन ऐकताना पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधल्याच कुठल्यातरी सुरात वाजू लागले आणि लयही वाढली. बुवांचा सूर ढळलेला नव्हता: ४४.१ किलोहर्ट्झवर मुद्रित फाइल ४८ च्या प्रकल्पात रूपांतर न होता उघडली गेली होती. दोन्हीकडे एकच आकडा ठेवला की हा प्रश्न उद्भवत नाही.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. या खाऱ्या, दमट हवेत कंडेन्सर माइक भाजल्यासारखा तडतडू लागतो आणि जॅकवर हिरवट थर चढतो. माइक वापरून झाल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. जेल ओलसर झाल्यावर तव्यावर गरम करून कोरडे करता येते, पण तो तवा पुन्हा भाकरीला वापरू नये. जॅक आणि नॉबवर मी कॉन्टॅक्ट क्लीनर वापरतो. घरातले खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल त्यांना लावू नये. आणि पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असताना प्रीॲम्पच्या (माइकचा आवाज वाढवणाऱ्या भागाच्या) स्वच्छतेचे आकडे निरर्थक ठरतात. तेव्हा माजघरात घोंगड्या टांगून, माइक तोंडाजवळ घेऊनच काही साधते.

आज यंत्राची स्थिती अशी आहे की दोन्ही इनपुटे उत्तम चालतात, उजव्या बाजूचा आउटपुट जॅक मात्र जुलैपासून सैल झाला असून केबल हलली की स्पीकर बंद पडतो. दुरुस्तीसाठी यंत्र मुंबईला कुरिअरने पाठवावे लागेल, म्हणून गणपतीतील भजने आटोपेपर्यंत मी मिश्रणाचे काम हेडफोनवरच केले. भजनी मंडळासाठी इंटरफेस घ्यायचा असेल, तर आवाज, पेटी, पखवाज आणि झांज यांना स्वतंत्र ट्रॅक मिळतील असा चार इनपुटांचा घ्यावा. आम्हाला पखवाज आणि झांज मागाहून वेगळी मुद्रित करावी लागतात आणि त्यात गजराची रंगत निम्मी उतरते.