धनुष्यासाठी धामण झाडाचं लाकूड घेतलं आणि फसलो

उद्यमनगरात फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, करण्यात माझी ३१ वर्षं गेली. लाकडात मला कुणी फसवेल असं कधी वाटलं नव्हतं. पण पॅटर्नचं लाकूड म्हणजे सागवान. ते हलत नाही, फुगत नाही, म्हणून तर आम्ही ते घेतो. धनुष्याला वाकून पुन्हा सरळ होणारं लाकूड लागतं. त्याची पारख मला नव्हती आणि वखारवाल्यानं ते पाच मिनिटांत ओळखलं.

नातू तिरंदाजी शिकतोय. दोरी ओढायला २० पौंड जोर लागेल असं सरावाचं साधं धनुष्य घरीच करून द्यावं, असं मनात होतं. कुऱ्हाडीच्या दांड्याला धामण घालतात, कारण ती चिवट आणि लवचिक असते. धनुष्यालाही ती जुन्या काळापासून वापरतात. म्हणून धामणच शोधत होतो.

शहराबाहेरच्या एका वखारीत तीन नग दाखवले. प्रत्येक ६ फूट लांब, २ बाय २ इंच. "काका, राधानगरीच्या जंगलातली हाय, दोन वर्सं वाळवलीया. बिनघोर न्या." तिथंच मी थांबायला हवं होतं. दाजीपूर-राधानगरी १९५८ पासून अभयारण्य आहे, तिथं झाड तोडता येत नाही. म्हणजे माणूस एक तर खोटं बोलत होता, नाही तर चोरीचा माल विकत होता. वनखात्याचा वाहतूक पास दाखवा एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

दुसरी गोष्ट मापाची. अशा एका नगाचं माप भरतं एक षष्ठांश घनफूट, म्हणजे तिन्ही मिळून अर्धा. त्यानं प्रत्येक नग अर्धा घनफूट धरला. घनफुटाला ३,००० भाव, त्यामुळं १,५०० रुपयांच्या मालाचे माझ्याकडून ४,५०० घेतले. "बिल केलं तर जीएसटी लागंल," म्हणाला, म्हणून बिलही घेतलं नाही.

टोकांना जाड लाल रंग होता. ही पद्धत खरी आहे. टोकातून ओल पटकन उडते आणि तडे जातात, म्हणून चांगले वखारवालेही टोकं रंगवतात. पण त्याच रंगाखाली लाकडाच्या वाढीची वर्तुळं झाकली जातात, आणि धनुष्याच्या लाकडात पहिल्यांदा बघायची ती वर्तुळंच. बाजूंना गडद पॉलिश फासलेलं होतं, त्यामुळं लाकडाच्या रेषा कुठून कुठं जातात तेही दिसत नव्हतं.

पहिला नग तासून मूठ आणि तिच्या दोन्ही बाजूंची वाकणारी पाती काढली. दोरी चढवून हळूहळू ताणत गेलो, पण दोरी काढल्यावर पाती वाकलेलीच राहिली. ओलं लाकूड असंच करतं. कापलेला तुकडा तोलला तर ६५ ग्रॅम. भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवला तर ५० भरला. म्हणजे कोरड्या वजनाच्या ३० टक्के ओल! धनुष्याला ती १० टक्क्यांच्या आसपास लागते.

दुसरा नगही तसाच तासला आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवून लांबून दोरीनं ताणत होतो. दोरी १६ इंच ओढली गेली तशी पाठीकडची लाकडाची शीर उचकटली आणि पातं तिरकं तुटून उडालं. धनुष्याची पाठ म्हणजे निशाण्याकडची बाजू. सगळा ताण तिच्यावर येतो, म्हणून तिथं रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग हवी. इथं रेषा मुठीजवळच बाजूला निघून गेली होती. तेच धनुष्य नातवाच्या हातात असतं तर पात्याचा तुकडा थेट त्याच्या तोंडावर गेला असता. ते डोळ्यांसमोर आलं की आजही हात कापतात.

तुकडे घेऊन परत गेलो. "तुम्हीच जास्त ताणलं," एवढंच उत्तर मिळालं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करणार होतो, पण दाखवायला कागदाचा कपटाही नव्हता.

तुम्ही घेणार असाल तर समोर टोक दोन इंच कापून दाखवायला सांगा आणि एका बाजूवर रंधा मारून घ्या. नाही म्हणाला तर तिथून निघा. माप स्वतः काढा, पक्कं बिल घ्या. घरी आणल्यावर आठवड्याला वजन करा. वजन उतरतंय तोवर पटाशी लावू नका. इंचभर जाडीला साधारण वर्ष जातं.

तिसरा नग माळ्यावर आडवा ठेवलाय. आणला तेव्हा ४ किलो ४०० ग्रॅम होता. तीन महिन्यांत ३ किलो ९०० वर आलाय आणि अजून उतरतोय.