जुनी कंबरदुखी: पट्टा, गोळी, व्यायाम की मज्जासंस्थेवर काम? पैसे कुठे घालावेत

कंबर दुखायला लागून तीन महिने उलटून गेलेत, हातात एमआरआयचा अहवाल आहे आणि जो तो वेगळा सल्ला देतोय. एक जण पट्टा बांधून ट्रॅक्शनची (म्हणजे कंबर ताणून धरण्याची) दहा सिटिंग घ्यायला सांगतो, दुसरा व्यायामाला लावतो, तिसरा गोळ्या लिहून देतो. अलीकडे चौथाही भेटतो. त्याचं म्हणणं, दुखणं आता मज्जासंस्थेत मुरलंय, तिथेच काम करायला हवं. या चौघांपैकी आधी कोणाकडे जावं, एवढाच इथला प्रश्न.

पण त्याआधी एक चाळणी. लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, बैठकीच्या जागी बधिरपणा आला असेल, पायातली ताकद कमी होत चालली असेल, तर आजच्या आज दवाखाना गाठा. ताप येतोय, वजन घटतंय, पूर्वी कर्करोग होऊन गेलाय किंवा पडल्यापासून दुखतंय, तर आधी तपासणी. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजूनही सापडतो आणि तो 'टेन्शनमुळे असेल' म्हणून अंगावर काढला तर फार महागात पडतो. खालची तुलना या सगळ्यातून सुटलेल्यांसाठी आहे.

आता तो अहवाल. 'एल-४ एल-५ डिस्क बल्ज' वाचलं की गादी सरकली म्हणून घरभर धसका बसतो. २०१५ साली ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात ३,११० माणसं होती, कंबरेची काहीही तक्रार नसलेली. तरी विशीतल्या ३७ टक्क्यांच्या चकत्या (मणक्यांमधल्या गाद्या, म्हणजेच डिस्क) झिजलेल्या निघाल्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या. फुगलेली चकती विशीतच ३० टक्के जणांकडे होती. म्हणजे अहवाल खोटा नसतो, पण त्यात दिसलेली चकतीच तुमची गुन्हेगार आहे हे त्यावरून ठरत नाही. कळ गुडघ्याखाली उतरत असेल, मुंग्या, बधिरपणा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नस दबल्याचा संशय खरा असू शकतो आणि चित्राला किंमत आहे.

मग चकती नाही तर दुखतं कशाने? दुखापत भरून आल्यावरही मज्जारज्जूतल्या पेशी जास्त संवेदनशील राहू शकतात, हे क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली प्राण्यांवरच्या प्रयोगात दाखवलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी ती मज्जासंस्था साध्या वाकण्यालाही धोका समजू लागते. वर मेंदूकडून खाली येणारे मार्ग आहेत. ते वेदनेचा संदेश दाबतात किंवा वाढवतात, आणि भीती, जागरण, घुसमट यांचा परिणाम नेमका इथे होतो. अमेरिकेतल्या बोइंग कारखान्यातल्या तीन हजारांवर कामगारांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आपलं काम जवळपास कधीच आवडत नव्हतं, त्यांनी पाठीच्या दुखापतीची तक्रार नोंदवण्याचं प्रमाण, काम जवळपास नेहमी आवडणाऱ्यांच्या अडीच पट होतं. याचा अर्थ 'सगळं मनाचं आहे' असा काढणारा डॉक्टर भेटला तर खुशाल दुसरा बघा. दुखणं शंभर टक्के खरं असतं, फक्त त्याचा कारखाना बहुतेकदा चकतीत नसतो.

पट्टा, ट्रॅक्शन, मशीन

सर्वात सहज मिळणारा आणि सर्वात कमी उपयोगाचा रस्ता. जुन्या कंबरदुखीवर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये अशा गोष्टींत ट्रॅक्शन, कमरेचा पट्टा, अल्ट्रासाउंडचं मशीन आणि टेन्स (त्वचेवरून सौम्य वीज देणारं यंत्र), सगळे आहेत. म्हणजे गल्लीतल्या क्लिनिकचं अर्धं दरपत्रकच. बरं वाटतं म्हणून घरी गरम पाण्याची पिशवी घ्या, त्याला कोण नको म्हणतंय! पण महिनोन् महिने पट्टा आवळून फिरण्याने माझ्या मते एक छुपं नुकसान होतं: आपली कंबर काचेची आहे, हे मेंदूला रोज नव्याने पटत जातं.

गोळ्या

सूज-वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस, डॉक्टरांना विचारून, ठीक. आम्लपित्त, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल तर जपून. अफूवर्गीय गोळ्यांना आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांमध्ये नकार आहे. पायात उतरणाऱ्या कळेवर सर्रास लिहिली जाणारी प्रेगॅबलिन २०१७ च्या चाचणीत नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही. चक्कर मात्र जास्त जणांना आली.

व्यायाम आणि योग

इथे पैसे कमी लागतात आणि पुरावा बरा आहे. बॉस्टनमध्ये ३२० जणांवर झालेल्या चाचणीत (२०१७) बारा आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीच्या तोडीस तोड ठरला. कोणता प्रकार श्रेष्ठ, यावर जिमवाले भांडत बसतात. त्यात पडू नका. जो तुम्ही पुढच्या पावसाळ्यातही करत असाल तो घ्या. अडचण एकच: घाबरत, श्वास रोखून, 'आता मणका सरकणार' म्हणत केलेला व्यायाम मज्जासंस्थेची भीती घालवत नाही.

भीतीवर आणि भावनांवर काम

याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निवड करताना त्यांची गल्लत होते.

पहिली, पेन रिप्रोसेसिंग थेरपी. वेदनेकडे 'इजा' म्हणून न बघता 'खोटा इशारा' म्हणून, निवांतपणे बघायला शिकवतात, आणि दडपलेल्या भावनांवरही बोलतात. कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे १५१ जणांवर चाचणी झाली. चार आठवड्यांच्या उपचारानंतर या गटातले ६६ टक्के वेदनामुक्त किंवा जवळजवळ तसे झाले. नकली इंजेक्शनच्या गटात २० टक्के, नेहमीच्या उपचारांवर १० टक्के. फायदा वर्षभर बराचसा टिकला. आकडे डोळे दिपवणारे आहेत, म्हणूनच बारीक अक्षरं वाचा: माणसं बहुतेक सुशिक्षित, दुखणं दहापैकी साधारण चार, चाचणी एकाच ठिकाणी, आणि आपल्याला काय दिलं जातंय हे प्रत्येकाला ठाऊक.

दुसरी, कॉग्निटिव्ह फंक्शनल थेरपी. ही फिजिओच देतो. तुमची भीती ऐकून घेतो, मग ज्या हालचालीची भीती तीच, हळूहळू, सैल अंगाने करून घेतो. झोप आणि रोजची कामंही त्यात येतात. ऑस्ट्रेलियातल्या २० क्लिनिकांत ४९२ जणांवर झालेली चाचणी २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. १२ आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी, पुढे एक उजळणी, आणि वर्षानंतरही फायदा कायम. ही थेरपी घेणाऱ्यांपैकी अर्ध्यांना हालचाल मोजणाऱ्या सेन्सरच्या नोंदींवरून मार्गदर्शनही दिलं होतं. त्याने काडीचाही फरक पडला नाही.

तिसरी, वर्तनोपचार (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा उपचार) किंवा सजगता-ध्यानाचे आठ आठवड्यांचे वर्ग. ३४२ जणांच्या चाचणीत (२०१६) सहा महिन्यांनी ध्यानाच्या गटातले सुमारे ६१ टक्के आणि वर्तनोपचारातले ५८ टक्के जण हालचालीत लक्षणीय सुधारले. नेहमीच्या उपचारांवरचे ४४ टक्के. फायदा मध्यम, पण शिकवणारा तुलनेने सहज मिळतो.

माझी पसंती दुसरीला. पुण्या-मुंबईतही पहिलीची पाटी लावून बसलेला माणूस शोधावा लागेल. दुसरीचं नाव न घेता तसंच काम करणारा फिजिओ मात्र मिळू शकतो. पहिल्या भेटीत त्याला विचारा, 'मी वाकू का?' 'आयुष्यात वाकायचं नाही' म्हणाला तर निघा. मशीन लावून पडदा ओढून गेला तरी निघा. तुमची झोप, काम, घरची परिस्थिती विचारून त्याने तुम्हाला पहिल्याच दिवशी उठा-वाकायला लावलं, तर त्याच्याकडेच टिका.

दुखणं जागा बदलतं, सुट्टीत गायब होतं, साहेबाच्या फोनने भडकतं, जोडीला डोकं-मान-पोटही धरतं? अशांनी समुपदेशकाची जोड लगेच घ्यावी. विशिष्ट हालचालीलाच कळ येते आणि तिची धास्ती बसलीय, त्यांना फिजिओ पुरेल. झोपच उडालीय, कशातच रस वाटत नाही, अशांनी कंबरेआधी मनाच्या तब्येतीकडे बघावं. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

कोणताही रस्ता धरा, आठ आठवडे द्या. दुखण्याचे गुण रोज मोजू नका, त्याने लक्ष तिथेच चिकटतं. किती वेळ मांडी घालून बसता आलं, पाण्याची बादली उचलली का, एसटीचा प्रवास झाला का, हे आठवड्यातून एकदा वहीत लिहा. आठ आठवड्यांनी वहीत काहीच हललेलं नसेल तर माणूस बदला. शस्त्रक्रियेचा विषय पायातली लक्षणं असतील तेव्हाच काढा, तोही दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेऊन.